घरच्यासारखा माणूस

उद्यमबागेत, मच्छेत नाहीतर ऑटोनगरात ज्यांची छोटी शेड आहे असं एखादं तरी घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यात असतं. कुणाची फौंड्री, कुणाचं मशीन शॉप, वडगाव-शहापूरला कुणाचे माग, कुणाची बेकरी, तर कुणाचं केटरिंग. हाताखाली माणसं चार ते आठ. त्यातला एखादा वीस वर्षांचा जुना, त्याच्या लग्नात आपल्या घरचा आहेर गेलेला, आणि त्याच्याबद्दल बोलताना ठरलेलं वाक्य, "तो कामगार कुठला, आपल्या घरच्यासारखाच आहे की."

हे वाक्य खोटं नसतं. पण ते पुरेसं आहे का, हा प्रश्न आमच्या घरात चार वर्षांपूर्वी आला. त्याच्या उत्तरात कायदा, विमा आणि बरीच आकडेमोड निघाली. आपल्या पिढीतले बरेच जण आता वडिलांच्या किंवा काकांच्या धंद्याची कागदपत्रं सांभाळतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मी बीई झालो आणि सॉफ्टवेअरमध्ये गेलो. कंपनी पुण्याची, पण २०२० पासून काम बेळगावच्या घरातूनच चालतं. काकांच्या शेडमध्ये सहा माणसं आहेत. दोन लेथ, एक ड्रिल, एक पॉवर प्रेस, आणि मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क. घरात कॉम्प्युटर कळणारा मीच, त्यामुळे जीएसटीचं रिटर्न, बँकेचे कागद आणि ईमेल ही कामं हळूहळू माझ्याकडे आली. पगाराचा हिशेब मात्र काकांच्या लाल वहीत.

माझ्या नोकरीत मला पहिल्याच दिवसापासून ग्रुप मेडिक्लेम आणि अपघात विमा मिळाला. मी दिवसभर खुर्चीवर बसतो. माझ्या कामातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे पाठदुखी. आणि दर दोन सेकंदांनी खाली येणाऱ्या प्रेसखाली पत्रा सरकवणाऱ्या माणसाच्या नावावर मात्र विम्याचा एक कागद नव्हता.

२०२२ च्या पावसाळ्यात एका दुपारी त्या प्रेसवर आमच्या कारागिराची डाव्या हाताची दोन बोटं गेली. तो खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, वय तीस, पगार महिना १४,००० रुपये. घरी बायको, लहान मुलगी आणि आई. प्रेसला गार्ड होता, पण तो लावला की काम हळू होतं म्हणून कैक महिने काढून कपाटावर ठेवलेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही.

काका लगेच त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. ऑपरेशन झालं. बिल काकांनी भरलं. दोन महिने पूर्ण पगार घरपोच दिला. काकी दर आठवड्याला डबा आणि फळं पाठवत होती. घरच्यासारखा म्हणजे आणखी काय करायचं? शेजारच्या शेडमालकांनीही काकांची पाठ थोपटली, आणि जाता जाता एक सल्ला दिला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, 'मला सर्व खर्च मिळाला, माझी मालकाविरुद्ध काहीही तक्रार नाही.' पुढे कटकट नको.

तो मजकूर टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. टाइप करण्याआधी कायदा काय म्हणतो ते वाचावं म्हणून बसलो, आणि रात्री दीड वाजेपर्यंत वाचत राहिलो.

कायदा जुना आहे, १९२३ चा. तेव्हा त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होतं. २००९ च्या दुरुस्तीनंतर कामगार या शब्दाच्या जागी कर्मचारी आला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. कामामुळे आणि काम करत असताना अपघात झाला, तर भरपाई मालकानं द्यायची, आणि चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही. हा विचार काही आपल्याकडेच निघाला नाही. जर्मनीनं १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला, ब्रिटननं १८९७ मध्ये भरपाईचा. त्याआधी कामगाराला कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. हात गमावलेला माणूस वकील कुठून आणणार?

"पण त्याचंच लक्ष नव्हतं," काका म्हणाले. कायद्यात याचंही उत्तर आहे. नुसतं लक्ष नसणं हे भरपाई नाकारायला कारण होत नाही. माणूस दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला असेल किंवा गार्ड जाणूनबुजून काढला असेल, तरच मालकाला हात वर करता येतात. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर तीही सबब चालत नाही. आमचा गार्ड तर मालकाच्या डोळ्यांदेखत कपाटावर होता.

आणि तो स्टॅम्पपेपर? भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कुठलाही करार कायद्यानं रद्दच समजला जातो. म्हणजे शंभर रुपये पाण्यात, आणि वर हक्क डावलल्याचा पुरावा आपल्याच हातानं तयार केलेला.

मग आकडा काढला. हिशेब अवघड नाही. कायद्याच्या शेवटी वयानुसार एक गुणांक दिलेला आहे. वय तीसला तो २०७.९८ आहे. विसाव्या वर्षी २२४, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. जितकं कामाचं आयुष्य जास्त उरलेलं, तितका गुणांक मोठा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्के रकमेला या गुणांकानं गुणायचं. मृत्यू झाला तर ५० टक्के रकमेला. हिशेबासाठी पगाराची वरची मर्यादा जानेवारी २०२० पासून महिना १५,००० रुपये झाली, त्याआधी ती ८,००० होती. आमच्या माणसाचा पगार मर्यादेच्या आत होता.

१४,००० चे ६० टक्के म्हणजे ८,४००. त्याला २०७.९८ नं गुणलं की १७,४७,०३२. हा पूर्ण अपंगत्वाचा आकडा. अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्क्यांनी कमी झाली असं धरायचं, याचा तक्ताही कायद्यातच आहे. अंगठा ३० टक्के, एका हाताची चारही बोटं ५० टक्के, तीन बोटं ३० टक्के, दोन बोटं २० टक्के. आमच्या बाबतीत २० टक्के, म्हणजे ३,४९,४०६ रुपये. दवाखान्याचा खर्च यातून वजा होत नाही. तो मालकानं वेगळा द्यायचाच असतो.

माणसाच्या बोटांना टक्के लावलेले वाचताना मला कसंतरी झालं. पण नंतर वाटलं, त्या तक्त्यात एक प्रामाणिकपणा आहे. डबा, फळं, दोन महिन्यांचा पगार हे सगळं काकांच्या मनावर होतं. दुसऱ्या कुणा मालकानं पाच हजार देऊन बोळवण केली असती, आणि तोही म्हणाला असता की घरच्यासारखंच केलं. तक्ता मालकाचं मन बघत नाही.

रक्कम कधी द्यायची हेही ठरलेलं आहे. देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर थकलेल्या रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. मृत्यूची भरपाई तर थेट घरच्यांच्या हातात देऊन चालतच नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली, तर हातात दिलेले पैसे कायदा धरत नाही. विधवेच्या हातात थोडे टेकवून बाकीचे गिळले जाऊ नयेत, म्हणून ही तरतूद.

मी हे सगळं एका कागदावर मांडून काकांपुढे ठेवलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्याला काय कमी केलंय सांग. तो मागतोय का पैसे?"

तो खरंच मागत नव्हता. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, "दादा, मालकांनी दवाखान्याचं सगळं बघितलंय. काम तेवढं राहू दे." त्याला भीती बोटांची नव्हती, नोकरीची होती. असा माणूस पैसे मागेल कशाला? म्हणूनच २०१७ च्या दुरुस्तीनं एक कलम घातलं. कामावर घेतानाच त्याला भरपाईच्या हक्काची माहिती लेखी, त्याला समजेल अशा भाषेत द्यायची, ही जबाबदारी मालकाची. नाही दिली तर त्या दुरुस्तीत ५० हजार ते एक लाखापर्यंत दंड होता.

"काका, तुम्ही कमी केलं नाहीच," मी म्हटलं. "पण हे तुमच्या देण्या न देण्यावर नाही. हे त्याचे आहेत."

काकांनी सेकंड हँड सीएनसीसाठी ठेव बाजूला ठेवली होती. ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. राग माझ्यावर होता की परिस्थितीवर, कळत नव्हतं. शेवटी तोंड काकीनं उघडलं, "त्याची बोटं गेलीत की हो. आपलं मशीन पुढच्या वर्षी येईल." ठेव मोडली. रक्कम चेकनं दिली आणि समझोत्याचा मसुदा रीतसर आयुक्तांकडे नोंदवला. नोंद नसली तर दिलेली रक्कम पुरेशी होती की नाही हा वाद उघडाच राहतो, त्यामुळे ही पायरी टाळायची नाही. पैशाचं त्यानं काय केलं, असं काकांनी एकदा विचारलं होतं. काकी म्हणाली, "त्याचे पैसे. आपण विचारायचं नाही."

आता विम्याकडे येतो. हा प्रसंग वाचून कुणालाही वाटेल की असा विमा सक्तीचा असेल. छोट्या मालकाला तो १९२३ च्या कायद्यानं सक्तीचा नव्हता. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यासारखं इथं नाही. सक्ती आहे ती भरपाईची. विमा नसला तरी जबाबदारी तेवढीच, फक्त पैसे कुठून येणार एवढंच बदलतं. काकांकडे ठेव होती म्हणून निभावलं. ज्याच्याकडे नसेल त्याच्या कामगाराला हक्क असूनही वर्षानुवर्षं चकरा माराव्या लागतात, आणि मालकाची शेड जाते. तीस वर्षांचा तोच माणूस दगावला असता तर आकडा होता १४,५५,८६०. असा एक चेक आमच्यासारखी किती घरं देऊ शकतील?

पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. हप्ता माणसांच्या संख्येवर नसतो, वर्षभराच्या एकूण पगारावर असतो, आणि कामाच्या धोक्याप्रमाणे दर बदलतो. टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचा दर कमी, प्रेस चालवणाऱ्याचा जास्त, उंचावर काम करणाऱ्याचा आणखी जास्त. आमचा वर्षाचा पगार सहा जणांचा मिळून सुमारे दहा लाख. दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. आम्ही घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता १८ टक्के जीएसटी धरूनही एका कारागिराच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा कमी निघाला. काकांनी कागद दोनदा उलटून बघितला, "बस, एवढंच?"

एवढंच, पण घेताना चार गोष्टी नीट बघायच्या. पहिली, पगार खरा दाखवायचा. हप्ता वाचवायला निम्मा पगार लिहिला तर क्लेमही त्याच प्रमाणात कापला जातो. दुसरी, माणसं आणि त्यांची कामं खरी लिहायची. प्रेसवाल्याला हेल्पर दाखवून उपयोग नाही. कंत्राटदाराची माणसं आपल्या शेडमध्ये आपल्याच धंद्याचं काम करत असतील तर त्यांची जबाबदारीही मुख्य मालकावर येते, म्हणून त्यांचा उल्लेख पॉलिसीत वेगळा करून घ्यावा लागतो. तिसरी, दवाखान्याच्या खर्चाची मर्यादा. बऱ्याच पॉलिसीत ती वेगळा हप्ता भरून वाढवावी लागते. आणि चौथी, व्याज आणि दंड. मालकानं उशीर केला म्हणून लागलेलं व्याज विमा कंपनी करारातून वगळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये म्हटलेलं आहे. दंड तर मालकाच्याच खिशातून जातो. म्हणून अपघात झाला की विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, आणि उपचाराचा प्रत्येक कागद जपून ठेवायचा.

दहा किंवा जास्त माणसं झाली की गोष्ट बदलते. तिथं ईएसआय लागू होतं, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा प्रत्येक जण त्यात येतो. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. आमच्या शेडचा महिन्याचा पगार ८४,००० धरला तर मालकाचे २,७३० रुपये आणि प्रत्येक कामगाराचे १०५. खासगी विम्यापेक्षा हे महाग, पण त्यात अपघातच नव्हे तर कामगाराच्या कुटुंबाचे उपचारही येतात, आणि कामावरच्या दुखापतीत घरी बसावं लागलं तर पगाराच्या ९० टक्के दरानं पैसे मिळतात. ईएसआयमध्ये असलेल्या माणसाला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, त्यामुळे मालकही निर्धास्त. दहाचा आकडा टाळायला नऊ माणसं वहीत आणि तीन वहीबाहेर ठेवणारे मालक आपल्याला माहीत असतात. अपघात नेमका वहीबाहेरच्याला झाला की ही हुशारी सगळ्यात महाग पडते.

या ईएसआयच्या मुळाशी एक मराठी नाव आहे, हे मला वाचताना कळलं. प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४४ मध्ये आडारकरांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली.

आता १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. भरपाईचा गाभा तोच आहे. नवीन म्हणजे, घरून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, भरपाईत धरला जातो. आपल्याकडे खानापूर, चंदगड किंवा यमकनमर्डीकडून पहाटे मोटारसायकलवर येणारी माणसं किती आहेत ते आठवा. आणि दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील, तर ईएसआयमध्ये आपणहून जाता येतं.

तुमच्या घरी शेड असेल, माग असतील, बेकरी असेल, तर पुढच्या वेळी गावी गेल्यावर एवढंच विचारा, "आपल्याकडे कामावर कुणाला काही झालं तर आपण काय देणार?" "आपण बघून घेतो की" असं उत्तर आलं तर वय, पगार आणि गुणांक घेऊन आकडा काढून दाखवा. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा तो आकडा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. त्यांना माणुसकी शिकवायची गरज नसते, ती त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्तच असते. माणुसकीला हिशेबाची जोड हवी एवढंच.

आमचा कारागीर आता तपासणीच्या टेबलावर आहे, पगार सगळ्यांबरोबर वाढतो. शेडच्या दारात भरपाईच्या हक्काचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये लावलेला आहे. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशिनींना हळदकुंकू लागतं. गेल्या वर्षी काकांनी प्रेसच्या गार्डलाही फूल वाहिलं. तो आता कपाटावर नसतो. त्याच्याशिवाय मशीन सुरूच होऊ नये म्हणून स्विच बसवून घेतलाय, आणि खटका मारायला दोन्ही हात लागतात. काम थोडं हळू होतं. काका म्हणतात, होऊ दे.